आइसलँडमधले न मिळालेले घर आणि आमचे 2,16,109 रुपये

22 जून 2024 रोजी रात्री पावणेदहा वाजता आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होफ या छोट्या वस्तीत मी एका घराची घंटा वाजवली, तेव्हा माझी 71 वर्षांची आई, पत्नी आणि दोन मुले गाडीत बसून होती. दार उघडणाऱ्या वृद्ध बाईंनी माझ्या हातातील आरक्षणाचा कागद पूर्ण वाचला आणि शांतपणे सांगितले की हे त्यांचे राहते घर आहे, ते त्यांनी कधीही भाड्याने दिलेले नाही, आणि असा कागद घेऊन त्या महिन्यात आलेले आम्ही दुसरे कुटुंब आहोत.

घरमालक घरभाड्याच्या संकेतस्थळाबाहेर पैसे मागतो आणि घर मुळात त्याचे नसतेच, हा प्रकार आता बहुतेकांना ठाऊक आहे. तो मलाही ठाऊक होता. तरीही मी फसलो, आणि ते कसे घडले हे लिहिताना मला मनस्वी लाज वाटते. पण पुढच्या उन्हाळ्यासाठी कोणी मराठी कुटुंब याच रस्त्याची आखणी करत असेल, तर त्यांनी हे वाचावे, एवढ्यासाठी लिहीत आहे.

सहल आम्ही स्वतः आखली होती. प्रवासी कंपनीच्या बसमधून आईला रोज नव्या हॉटेलात उतरवण्यापेक्षा राजधानी रेक्याविकहून गाडी घ्यावी, देशाला वळसा घालणाऱ्या एक क्रमांकाच्या महामार्गाने जावे आणि वाटेत एका घरात चार रात्री मुक्काम करावा, असे ठरले. अडचण एकच होती. व्हिक ते हॉप्न या सुमारे 270 किलोमीटरच्या पट्ट्यात राहण्याच्या जागा फारच थोड्या आहेत. होफ ज्या भागात आहे त्याला ओरैफी, म्हणजे ओसाड मुलूख, म्हणतात. 1362 च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने तिथली भरली वस्ती उद्ध्वस्त झाली आणि आजही शेतघरे मोजकीच आहेत. उलट स्काफ्ताफेलची हिमनदी आणि योकुल्सारलोनचे हिमखंडांचे सरोवर याच पट्ट्यात असल्याने उन्हाळ्यात सगळे जग तिथे लोटते. फेब्रुवारीतच जूनची आरक्षणे संपत आलेली पाहून माझा धीर सुटला होता. ठगांना हे आपल्यापेक्षा चांगले कळते. जिथे जागेचा दुष्काळ असतो, तिथेच ते जाळे लावतात.

अशा वेळी एका घरभाड्याच्या संकेतस्थळावर होफमधील या घराची जाहिरात दिसली: तीन शयनगृहे, पाठीमागे ओरैफायोकुलची हिमशिखरे, 1884 साली बांधलेले गवताच्या छपराचे चर्च चालत जाण्याच्या अंतरावर, आणि चार रात्रींचे 2,340 युरो. भाडे स्वस्त असते तर मला संशय आला असता, पण ते तिथल्या हंगामी दराला धरून होते. नकाशावरील रस्त्याच्या छायाचित्रांत मी ते घर शोधले, तर तेही तिथे होते. ‘घरमालक’ सभ्य इंग्रजीत लिहीत असे आणि आईला पायऱ्या चढता येतात का, अशी चौकशीही त्याने केली होती. संकेतस्थळाचे कमिशन वाचावे म्हणून पैसे थेट खात्यात पाठवा, असे त्याने सांगितले, तेव्हा मला ते व्यवहाराला धरून वाटले. आपल्याकडे कोकणात घरगुती निवासाची सोय पाहताना आपण हेच करतो. त्याचा व्हॉट्सॲप क्रमांक 44 ने सुरू होत होता, आइसलँडच्या 354 ने नव्हे. हिवाळ्यात आपण लंडनला असतो, हे त्याचे उत्तर मी मान्य केले.

आता ज्या क्षणाने अजून माझी झोप उडते, त्याविषयी. 15 फेब्रुवारीच्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी खाते क्रमांक कागदावर उतरवून घेत होतो. नववीतल्या मुलीने तो वाचला आणि विचारले, “बाबा, घर आइसलँडला आहे, मग खाते एल. टी. ने का सुरू होते?” युरोपातील आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरे बँकेचा देश सांगतात, आणि एल. टी. म्हणजे लिथुआनिया. आइसलँडमधील खाते आय. एस. ने सुरू होते, ते 26 अक्षरांचे असते आणि त्याचे शेवटचे दहा आकडे म्हणजे खातेदाराचा राष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. माझ्या कागदावर 20 अक्षरे होती. हे सर्व पाच मिनिटांत तपासता आले असते. मी मात्र मुलीला म्हणालो, “युरोपात सगळीकडे एकच असते, तू अभ्यास कर.” ती गप्प बसली. होफच्या त्या दारातून मी गाडीकडे परतलो तेव्हाही ती गप्पच होती, आणि ते मला सर्वांत जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरला. 2,340 युरोंचे 91.85 च्या दराने 2,14,929 रुपये आणि शुल्क व करापोटी 1,180, असे एकूण 2,16,109 रुपये गेले. बँकेने दिलेल्या पावतीवर लाभार्थीचा पत्ता आइसलँडचा आणि लाभार्थी बँकेचा देश लिथुआनिया, असे एकाखाली एक छापलेले होते. मी ते वाचले नाही, हे खरे आहे. पण ज्यांचे कामच हे आहे, त्या दोन अधिकाऱ्यांनीही सह्या करण्यापूर्वी ते वाचले नाही. पुढे व्हिसाच्या अर्जाला निवासाचा पुरावा म्हणून मी हेच आरक्षण जोडले आणि व्हिसा मंजूर झाला, तेव्हा उरलीसुरली शंकाही मिटली. कोणीही या समजात राहू नये. व्हिसा मिळाला याचा अर्थ कोणी त्या घरापर्यंत जाऊन खात्री केली आहे, असा होत नाही.

प्रवासाच्या दिवशी वाटेत, 1996 च्या हिमनदीच्या महापुराने पिळवटून टाकलेल्या पुलाचे लोखंडी गर्डर जपून ठेवले आहेत तिथे मुले थांबायला सांगत होती. उशीर होतो आहे, घर जवळ आले आहे, उद्या येऊ, असे म्हणून मी गाडी पुढे काढली. तो उद्या आला नाही. होफच्या त्या बाईंनी आम्हाला घरात घेतले, कॉफी दिली, आईला पांघरूण दिले आणि ओळखीच्या सहा ठिकाणी फोन लावले, तेव्हा शंभरहून अधिक किलोमीटरवरील हॉप्न येथे एका रात्रीसाठी दोन खोल्या मिळाल्या. जूनमध्ये तिथे रात्री अंधार पडत नाही. मध्यरात्रीच्या त्या फिकट उजेडात योकुल्सारलोनच्या अरुंद पुलावरून आम्ही गेलो. ज्याच्यासाठी आठ महिने तयारी केली ते निळे हिमखंड शेजारी तरंगत होते, आणि गाडीतून कोणीही खाली उतरले नाही. त्या रात्रीचे 58,400 आइसलँडी क्रोना आणि पुढच्या तीन रात्री मिळेल त्या जागेचे, असे चारही रात्रींचे मिळून 2,31,600 क्रोना लागले. कार्डाच्या हिशेबाने ते 1,43,592 रुपये झाले. हे पैसे निदान खऱ्या निवाऱ्यासाठी गेले.

तिथल्या पोलिसांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि पैसा त्यांच्या देशात आलाच नाही, हे स्पष्ट सांगितले. इथे परतल्यावर मात्र कोणीच काही स्पष्ट सांगेना. बँक म्हणाली, आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा. पोलीस ठाण्यात सांगितले, आधी बँकेचे पत्र आणा. बँक म्हणाली, गुन्ह्याचा क्रमांक असल्याशिवाय पत्र देता येत नाही. तिसऱ्या खेपेस पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी विचारले की घर परदेशात, खाते परदेशात, मग गुन्हा आमच्या हद्दीत कसा? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 मी छापून नेले होते, ज्यात गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडला असला तरी खबर देता येते, असे लिहिले आहे. तो कागद त्यांनी उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर माझा फोन क्रमांक लिहून घेतला. शेवटी केवळ अर्जावर शिक्का मिळाला. रक्कम परत मागवण्याची विनंती स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून पाठवण्याचे बँकेने 590 रुपये घेतले आणि 41 दिवसांनी एका ओळीचे उत्तर दिले: लाभार्थी खाते बंद झाले आहे. व्यवहार तुम्ही स्वतः केला असल्याने बँकेची जबाबदारी नाही, हे त्यांनी तीनदा कळवले. जाहिरात छापणाऱ्या संकेतस्थळाने चार वेळा एकच मजकूर पाठवला की पैसे त्यांच्या यंत्रणेबाहेर दिले असल्याने ते काही करू शकत नाहीत. त्यांच्या पानावर चोर बसला होता, त्याबद्दल एक शब्द नाही.

आइसलँडमध्ये स्वतःचे घर वर्षातून जास्तीत जास्त 90 दिवस असे भाड्याने देणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. तो मागा, आणि टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. पैसे पाठवण्याआधी त्या गावातील दुसऱ्या एखाद्या निवासाला फोन करून शेजारच्या घराविषयी विचारा. एवढ्या लहान वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. फसवणूक आठवड्यातच लक्षात आली तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासात फोन करा, कारण पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. माझ्या बाबतीत चार महिने उलटून गेले होते. आणि घरातले मूल काही विचारत असेल, तर त्याला अभ्यासाला बसवू नका.

9 ऑगस्टला मी ते संकेतस्थळ पुन्हा उघडले. तेच घर, तीच छायाचित्रे, मालकाचे नाव वेगळे. मी दुसऱ्या नावाने सप्टेंबरसाठी चौकशी केली आणि वीस मिनिटांत खाते क्रमांक आला. मुलीने तो माझ्याआधी वाचला. तो पुन्हा एल. टी. ने सुरू होत होता. त्याच संध्याकाळी तो क्रमांक मी बँकेला, पोलीस ठाण्याला आणि संकेतस्थळाला लेखी कळवला. आज 3 सप्टेंबर आहे; तिघांपैकी कोणाचेही उत्तर आलेले नाही आणि जाहिरात अजून तिथेच आहे.