मराठा शस्त्रं पारखताना: लिलावांचे जुने कॅटलॉग की ऑनलाइन नोंदी?

फिरंगी (युरोपीय पात्याची तलवार) किंवा कट्यार घेण्याआधी ती ताडून कशाशी बघायची? मी दोन्ही वाटांनी गेलोय. ऑनलाइन नोंदी सोयीच्या आहेत, यात वाद नाही. कोफ्तगरी (लोखंडावरचं सोन्या-चांदीचं नक्षीकाम) किंवा पात्यातलं जौहर (पोलादातली लहरदार नक्षी) बघायला रंगीत फोटोच लागतो. जुन्या कॅटलॉगात दहा-बारा तलवारी एकाच कृष्णधवल पानावर दाटीवाटीने असतात, कित्येक लॉटना, म्हणजे लिलावातल्या वस्तूंना, चित्रच नसतं. वर्णनंही सैल. कट्यारीच्या मुठीपुढे जाळीदार कवच दिसलं, की लिहिलं 'तंजावर'.

तरी माझा कल कॅटलॉगकडे आहे, तो एका फिरंगीमुळे. ती मी पहिल्यांदा ऑनलाइन लिलावात पाहिली. पात्यात तीन खोबणी, साधी लोखंडी मूठ, परजेला (मुठीच्या आडव्या संरक्षक भागाला) तडा आणि त्यावर ठोकलेला रिव्हेट. लिंक जपून ठेवली. दोन वर्षांनी एका विक्रेत्याने तलवार दाखवली, तडा तोच वाटला, पण सगळ्या मुठीवर सोन्याचं काम. घरी येऊन लिंक उघडली तर लॉट नंबर आणि किंमत जागेवर, फोटो गायब. मूठ साधी होती हे मला आठवत होतं, पण नुसत्या आठवणीवर एवढ्या रकमेचा निर्णय कसा घ्यायचा? शेवटी एका मित्राकडे सत्तरच्या दशकातला कॅटलॉग मिळाला. त्यात तीच तलवार होती. फोटो बोटभर, पण भिंगाखाली रिव्हेट स्पष्ट दिसला. मुठीवर सोन्याचा मागमूस नव्हता. मी ती तलवार सोडली.

आपल्या शस्त्रांबाबत हे फार महत्त्वाचं आहे, कारण ती अनेक हातांतून फिरली आहेत. 1855 मध्ये तंजावरचं राज्य खालसा झालं आणि पुढे तिथलं शस्त्रागार विखुरलं. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरं असतात, त्या हत्यारांपैकी काही 1689 च्या, दख्खनमधल्या अदोनी किल्ल्याच्या लुटीतली. असे ठिपके आजही कुणी ठोकू शकतो. मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या छापील वर्णनात त्यांचा उल्लेख असेल, तर निदान तेवढी वर्षं तरी ते तिथे आहेत.

माझा अनुभव एका माणसाचा, तुमचा वेगळा असू शकेल. पण थोडेच पैसे असतील तर सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, भरपूर फोटोंचे कॅटलॉग आधी घ्या. समासात पेन्सिलीने विक्रीची किंमत लिहिलेली प्रत मिळाली तर सोडू नका. आणि ऑनलाइन काही आवडलं तर फोटो त्याच दिवशी उतरवून घ्या, लॉट नंबर आणि तारीख फाइलच्या नावातच टाका.