.२२ रायफलची सफाई: कोणतं सामान घ्यावं, कोणतं दुकानातच राहू द्यावं

५० मीटरची .२२ रायफल (.२२ म्हणजे नळीचं इंचातलं माप) घेतली की तिच्याबरोबर सफाईचं एखादं 'युनिव्हर्सल किट'ही बहुतेक वेळा गळ्यात पडतं. प्लास्टिकची पेटी, तीन तुकडे जोडून होणारा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड, .१७ पासून बारा बोअरपर्यंतचे ब्रश आणि तेलाची एक बाटली. त्यातले फार तर दोन ब्रश तुमच्या कामाचे. रॉड मात्र नळीत घालूच नका. जोडावर दोन तुकडे कधीच एका रेषेत बसत नाहीत. तिथे राहणारी बारीक कड प्रत्येक फेरीला रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या, कंगोऱ्यांवर घासते. शिवाय पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे काजळीतले कठीण कण त्यांच्यात रुतून बसतात. .२२ च्या काजळीत असे कण असतातच, कारण या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात) काचेची पूड घालण्याची पद्धत आहे.

हे परीक्षण त्या रायफलपुरतं आहे, जी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलेल्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायच्या स्पर्धेत) लागते. १० मीटरच्या एअर रायफलचा हिशेब वेगळा, तो शेवटी.

सगळ्यात जास्त पैसे रॉडवर घाला. एकसंध, म्हणजे जोड नसलेला, नायलॉनचं आवरण असलेला स्टील रॉड (ड्यूई कंपनीचा) किंवा कार्बन फायबरचा (टिप्टन कंपनीचा), दोन्ही चांगले. स्टील जास्त ताठ असतो, चिंधी घट्ट बसली तरी कमी वाकतो. पण एकदा बाक आला की तो रॉड कामातून गेला. कार्बन फायबर वाकून पुन्हा सरळ होतो, त्यामुळे क्लबात चार जणांच्या हातात फिरणारा रॉड असेल तर तोच बरा. स्वतःच्या एकाच रायफलसाठी आमची पसंती आवरणवाल्या स्टीलला. आवरणातही कण रुततात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर रॉड फडक्याने पुसायचा. हे कोणी करत नाही आणि मग रॉडला दोष देतात.

.२२ साठी रॉडची जाडी सुमारे ५ मिमी हवी. त्याहून बारीक रॉड दाब पडला की नळीच्या आत धनुष्यासारखा वाकतो आणि मधोमध घासतो. लांबीसाठी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) काढून मझलपासून, म्हणजे नळीच्या तोंडापासून, रिसिव्हरच्या (बोल्ट बसतो त्या भागाच्या) मागच्या टोकापर्यंत मोजा. त्यात बोअर गाइड (त्याबद्दल पुढे) मागे जेवढा बाहेर राहतो तो भाग आणि वर चार-पाच सेंमी मिळवा. ६९ सेंमीच्या मॅच नळीला ३६ इंची रॉड काठावर पुरतो. पुढे मझल ट्यूब (नळीच्या तोंडावर चढवायची जादा पोकळ नळी) लावलेली असेल तर ४० किंवा ४४ इंची घ्या, आणि तो रायफलच्या पेटीत मावतो का तेही आधीच बघा.

मूठ बेअरिंगवर फिरणारी हवीच. .२२ एलआरच्या नळीत साधारण १६ इंचांना एक पीळ असतो, म्हणजे ६९ सेंमीत ब्रशला पावणेदोन फेरे फिरावं लागतं. मूठ अडून बसली तर ब्रश खाचांवरून सरळ घसरतो. शिवाय उजव्या पिळाच्या नळीत पुढे ढकलताना त्याचे आटे सैल होत जातात. ब्रश नळीत सुटून राहिला, अशी तक्रार ऐकली की आधी मूठ फिरवून बघावी. आट्यांचंही पाहून घ्या. अमेरिकी ब्रश बहुतेक ८-३२ मापाच्या (८ नंबरची जाडी, इंचाला ३२) आट्यांचे असतात, ड्यूईचा .२२ रॉड ८-३६ चा. मधला छोटा अ‍ॅडॉप्टर हरवला तर सगळा संच बसून राहतो. एक जादा घेऊन ठेवा.

रॉडनंतर बोअर गाइड. बोल्टच्या जागी बसणारी ही नळी रॉडला मधोमध धरते आणि सॉल्व्हंट (काजळी सोडवणारं द्रव) ट्रिगरमध्ये उतरू देत नाही. कुठल्याही रायफलला बसतो म्हणून विकला जाणारा रबरी शंकूचा गाइड घेऊ नका, तुमच्या मॉडेलचा घ्या. पुढच्या टोकाला ओ-रिंग आहे ना बघा, खरी गळती तीच थांबवते. गाइड लावण्याआधी चीकपीस (गाल टेकवायचा भाग) खाली करा किंवा काढा, नाहीतर रॉड तिरपा जातो आणि गाइडचा उपयोगच राहत नाही.

ब्रश फॉस्फर ब्राँझचा. स्टीलचा कधीच नाही. नायलॉनचा ब्रश सॉल्व्हंट पसरवायला ठीक, शिसं काढायला दुबळा. जॅगपेक्षा (रॉडच्या टोकाला चिंधी धरणाऱ्या तुकड्यापेक्षा) लक्ष चिंधीच्या मापाकडे द्या. एनसीसीत फुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चार बाय दोन इंचांची चिंधी ओढलेल्यांचा हात आपसूक मोठा तुकडा घेतो, .२२ ला मात्र साधारण एक इंचाचा सुती चौकोन पुरतो. बोटांनी ढकलताना किंचित अडेल इतपत घट्ट हवा. तळहाताने ठोकावं लागत असेल तर कापून लहान करा.

व्हीएफजी या जर्मन कंपनीचे फेल्टचे गोळे हा चिंधीला चांगला पर्याय. अ‍ॅडॉप्टरवर दोन-तीन चढवले की ते दाबाखाली फुगतात आणि खाचांच्या तळापर्यंत पोचतात, जिथे चिंधी नीट पोचत नाही. पितळी तंतू मिसळलेला प्रकारही मिळतो, तो शिशाला. पण चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे जमणारं कडक काजळीचं कडं फेल्टने निघत नाही, तिथे ब्राँझच लागतो. काडतूस आत जाताना अडू लागलं किंवा कारण नसताना एखादी गोळी गटाबाहेर जाऊ लागली, तर आधी संशय या कड्यावर घ्यावा.

सॉल्व्हंटमध्ये उगीच महागडं काही नको. .२२ ची गोळी शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा थर. तांबं नळीत येणारच कुठून? तेव्हा अमोनियाचे 'कॉपर सॉल्व्हंट' तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या मारणाऱ्या ३०० मीटरवाल्यांसाठी सोडा. १९०३ पासून चालत आलेलं हॉप्पेज नंबर नाइन हे सॉल्व्हंट पुरेसं आहे. बॅलिस्टॉल हे १९०४ चं जर्मन तेल वास सहन होत असेल तर साफही करतं आणि गंजापासूनही राखतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात शेवटची चिंधी तेलाचीच हवी.

क्रम असा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट काढा. मझल किंचित खाली ठेवून रायफल स्टँडवर ठेवा. मझल ट्यूब काढा, नाहीतर परत येणारा जॅग तिच्या कडेला अडतो. सॉल्व्हंटची एक चिंधी फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा. मग ब्राँझ ब्रशच्या पाच-सहा फेऱ्या, दर वेळी पूर्ण पलीकडे. ब्रश नळीत मध्येच उलटा फिरवला तर त्याचे तार मोडतात. चिंधी मझलबाहेर गेली की काढून टाका आणि रिकामा रॉड हळू मागे घ्या, क्राउनवर (नळीच्या तोंडाच्या कडेवर) आपटू देऊ नका. अचूकता तिथेच बिघडते आणि ती दुरुस्त करायला लेथ लागतो. तीन-चार कोऱ्या चिंध्यांनंतर चेंबर वेगळं कोरडं करा. पुढच्या नेमबाजीआधी तेल पुसून घ्या. नळीत मेणाचा थर पुन्हा बसायला दहा-वीस गोळ्या जातात, म्हणून स्पर्धेच्या सकाळी घासाघीस करू नये.

बोअरस्नेक, म्हणजे नळीतून ओढायची ब्रशवाली दोरी, प्रवासात बरा, घरी नाही. एकाच दोरीत ब्रशही आणि पुसणंही, म्हणजे काढलेली घाण पुढच्या वेळी परत आत. कापडी पिशवीत घालून धुवावा. तिरपा ओढला तर दोरी क्राउनची एकच बाजू घासते. तो तुटून नळीत अडकला, तर रॉडने ठोकून आणखी घट्ट करण्यापेक्षा आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

एअर रायफलला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. ४.५ मिमीचे कोरडे फेल्ट आणि गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, बस्स. दोरी मझलमधून मागे घाला, मागच्या टोकाला फेल्ट अडकवा आणि मझलकडे ओढा. फेल्ट गोळीसारखे झाडून नळी साफ करायची पद्धतही आहे, पण स्प्रिंगच्या रायफलमध्ये एकाच वेळी दोन-तीन घाला. एकट्या हलक्या फेल्टमागे पिस्टनला पुरेसा अडसर मिळत नाही आणि तो पुढे जोरात आदळतो. नळीत तेल किंवा सॉल्व्हंट नको. स्प्रिंगवालीत दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, दाबाच्या हवेवालीत सील फुगतात.

स्पर्धेला विमानाने जात असाल तर हॉप्पेज आणि स्प्रेचे डबे घरीच ठेवा, ज्वलनशील म्हणून सामानात चालत नाहीत. फेल्ट, कोऱ्या चिंध्या, रॉड आणि अ‍ॅडॉप्टर रायफलच्या पेटीत.