आकार साठवायचा की अक्षर? जुने फॉन्ट, इस्की आणि युनिकोड

मराठी मजकूर कोणत्या पद्धतीने साठवायचा हे ठरवताना बहुतेक जण पडद्यावर अक्षर कसे दिसते ते पाहतात. पाहायला हवे ते आत काय साठते. ‘किती’ हा शब्द घ्या.

कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तिथे ‘किती’ म्हणजे एफ, डी, आर, एच ही चार रोमन अक्षरे. फॉन्ट बदलला की तीच उघडी पडतात. पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून साठतेही कच्या आधी. अशा मजकुरात शोध, अकारविल्हे, वाचून दाखवणे यांपैकी काहीच धड होत नाही. निव्वळ छपाईला चालेल; जपायचा मजकूर त्यात ठेवू नका.

इस्की हे भारतीय लिपींतल्या अक्षरांना संगणकासाठी अंक ठरवून देणारे १९९१ सालचे भारतीय मानक. त्यात आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. जोडाक्षराला वेगळा अंक नाही: व्यंजन, पाय मोडण्याची खूण, पुढचे व्यंजन. देवनागरी, बंगाली, कन्नड, सगळीकडच्या ‘क’ला एकच अंक, तोही एका बाइटात. ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते. पण लिपी कोणती हे वेगळे सांगावे लागते आणि आजच्या ब्राउझरांच्या मान्य अक्षरसंकेत-पद्धतींत इस्की नाही.

युनिकोड हे जगभरच्या लिपींसाठीचे तसेच मानक. त्याने मांडणी इस्कीवरूनच घेतली. मात्र देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा दिला. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात, ‘क्ष’ला ९. आजच्या साठवणुकीत हे ओझे नव्हे. नव्या कामासाठी युनिकोडच घ्या.

मराठीपुरते काही निर्णय मात्र त्यानंतरही उरतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच, पण शोधात एक दुसऱ्याला सापडत नाही. मी ‘ऱ’च निवडेन, कारण मजकूर साफ करताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले की दऱ्यांचा समुद्र होतो. तसेच ‘ॲ’चे: २००८ साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली, तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. जुन्या मजकुरात तशी जोडणी असेल तर ती एकदाच बदलून घ्या. आणि नुसत्या अंकांवरून शब्दांचा क्रम लावू नका; युनिकोडात ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. मराठीसाठीचे क्रमनियम वेगळे लावावे लागतात.

जुन्या फॉन्टातून रूपांतर करताना मूळ फाइल ठेवाच. पहिली वेलांटी अक्षरानंतर न्यावी लागते, रफार अक्षराआधी आणावा लागतो आणि चुका तिथेच होतात. ‘वर्षांनी’, ‘कीर्ती’, ‘मूर्तींना’ असे शब्द आधी तपासा.