भावाच्या हाताचं खरं दुखणं इथे कळलं (रक्तवाहिन्यांची ओपीडी)

धाकट्या भावाला घेऊन गेलो होतो. पेंटर आहे तो, जास्त करून सीलिंगची कामं. 2021 ला बाईक स्लिप होऊन उजवं कॉलर बोन मधोमध मोडलं, बेल्ट दिलेला पण कामं अडली म्हणून तीन आठवड्यातच काढून टाकला, हाड वाकडं जुळलं आणि वर हा एवढा उंचवटा राहिला. आम्हाला वाटलं दिसायलाच वाईट आहे, बाकी काय नाही.

दोन वर्षांनी हात वर धरला की पाच मिनिटांत जड पडायला लागला, मुंग्या, बोटं गार आणि पांढरीफटक. एका ठिकाणी मानेचा मणका सांगून सहा महिने शेक आणि व्यायाम करून घेतले, जुन्या फ्रॅक्चरबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. त्याचा राग अजून जात नाही.

इथल्या डॉक्टरांनी आधी शर्ट काढायला लावला, मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं, उजव्या हाताचं वरचं बीपी 30 ने कमी! हात वर केला तर नाडी लागेना, पण ते म्हणाले एवढ्यावरून ठरवायचं नाही, धडधाकट माणसाचीही कधी कधी अशी जाते, म्हणून कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन), हात खाली ठेवून आणि वर करून दोन्ही वेळा. नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यातल्या चिंचोळ्या जागेतून हाताची मोठी धमनी जाते, वाकडं जुळलेलं हाड तिलाच दाबत होतं, दाबाच्या पुढे ती फुगलेली, आत गुठळी आणि तिचे कण सुटून बोटांत अडकत होते. असं फार कमी जणांना होतं म्हणे, पण उशिरा कळलं तर बोटं जाऊ शकतात. ऐकून आईला तिथेच रडू फुटलं.

ऑपरेशनमध्ये वाढलेलं हाड काढून प्लेट टाकली, धमनीचा फुगलेला भाग काढून तिथे पायाची शीर जोडली. खर्च आधीच लिहून दिला होता, बिल तेवढंच आलं.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असून तीन तास बसावं लागतं आणि बाहेर साधं पाणी पण नाही, म्हातारी माणसं फार दमतात.

जाताना जुना एक्सरे नक्की न्या. आमचा हरवलेला, पण 2021 चा फोटो मोबाईलमध्ये सापडला आणि तो बघूनच डॉक्टरांनी पहिल्यांदा उंचवट्यावर बोट ठेवलं.