लातुरातील बालसमुपदेशन केंद्र: आठ सत्रांनंतरचा अभिप्राय

पहिलीत गेल्यापासून आमचा सहा वर्षांचा मुलगा वहीत एक अक्षर चुकले तरी पानच फाडून टाकू लागला आणि रात्री दचकून उठू लागला, म्हणून आम्ही लातुरातील एका बालसमुपदेशन केंद्रात आठ सत्रे घेतली. खासगी शिकवण्यांच्या ट्यूशन एरियातील मोठ्या मुलांच्या ताणाविषयी या शहरात सगळेच बोलतात. पहिलीतल्या लेकराला अशा ठिकाणी न्यायचे म्हटले, की नातेवाईक आधी आईबापाकडेच संशयाने पाहतात.

आम्ही मुलाला दाखवायला गेलो होतो, तपासणी मात्र आमचीच झाली. केंद्राची पद्धत पालक-बालक आंतरक्रिया उपचारावर बेतलेली आहे. शीला आयबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती विकसित केली. मूळ पद्धतीत पालकाच्या कानात इअरफोन असतो आणि उपचारक काचेपलीकडून सूचना देतात. इथे काच नाही, मॅडम कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हळू आवाजात सांगतात. घरी रोज पाच मिनिटे मुलाच्या मनाप्रमाणे खेळायचे, त्या वेळात प्रश्न, हुकूम आणि चुका काढणे बंद.

ऐकायला हे सोपे वाटते. दुसऱ्या सत्रात मुलाने ठोकळ्यांची रेल्वे केली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेची गोष्ट त्याने आजीकडून इतक्यांदा ऐकली आहे, की त्याची गाडी नेहमी पाणीच आणते. मी सवयीने विचारले, "किती डबे झाले? मोजून दाखव." त्याने ठोकळे बाजूला सारले. मॅडम म्हणाल्या, "परीक्षा घेऊ नका. तो करतोय तेवढंच बोला." मग "तू निळा डबा मागे जोडलास" एवढे साधे वाक्य उच्चारताना मला अवघडल्यासारखे झाले, आणि आपण मुलाशी एरवी काय बोलतो याचा हिशेब मनातल्या मनात मांडावा लागला. 'शाब्बास' म्हणण्याऐवजी 'चुकलं तरी तू पुन्हा लिहिलंस' असे नेमके कौतुक करणेही इथेच शिकलो. आठ सत्रांचे पैसे यातच वसूल झाले.

तक्रारी दोन आहेत. भिंतीवरच्या भावनांच्या तक्त्यात आनंदी, दुःखी, क्रोधित, भयभीत एवढेच शब्द आहेत. घरात आमचे लेकरू रुसते, हिरमुसते, धास्तावते, आणि या तिन्हींत त्याला हवे असलेले वागणे वेगवेगळे असते. दुसरी तक्रार मोठी. दिवसभर मुलगा आजीजवळ असतो, तरी सत्रात प्रवेश फक्त आईवडिलांना. सातव्या सत्रापर्यंत आमची आई बाहेर बाकड्यावर बसून होती.

जाण्यापूर्वी उपचारक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. इथे त्यांनी ती न कुरकुरता दाखवली. ज्यांना शहरात येणे जमत नाही, त्यांच्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मात्र असा समोर बसून खेळण्याचा सराव फोनवर होणार नाही.

पाने फाडणे जवळजवळ थांबले आहे, दचकणे अजून अधूनमधून आहे. दिवाळीनंतर आणखी दोन सत्रे घेण्याचा विचार आहे, आजीला आत बसू देणार असतील तर.