लायबेरिया : मन्रोव्हियातलं कोर्ट की गावातला कायदा-सल्लागार?

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातलं यादवी युद्ध २००३ मध्ये थांबलं. न्याय मात्र बाईच्या दारापर्यंत आपोआप आला नाही.

पहिली वाट म्हणजे २००८ च्या कायद्याने राजधानी मन्रोव्हियात उभं राहिलेलं क्रिमिनल कोर्ट ई. ते फक्त लैंगिक अत्याचाराचे खटले ऐकतं. साक्ष बंद दाराआड होते, त्यामुळे गर्दीसमोर तोंड उघडायची धास्ती राहत नाही. अडचण अशी की त्याचा अधिकार मन्रोव्हिया ज्या जिल्ह्यात येतं त्या मॉन्टसेराडो काउंटीपुरताच. पावसाळ्यात चिखलात रुतलेला रस्ता तुडवत, कडेवर लेकरू घेऊन राजधानी गाठली, तरी दुसऱ्या काउंटीतल्या बाईचा खटला तिथे चालत नाही. शिवाय एकेक खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो.

दुसरी वाट गावातच आहे. कार्टर सेंटर या अमेरिकी स्वयंसेवी संस्थेने २००७ पासून स्थानिक संस्थांच्या साथीने सामुदायिक कायदा-सल्लागार तयार केले. नवरा वारल्यावर सासरचे घराबाहेर काढू लागले, की सल्लागार विधवेसोबत गावप्रमुखासमोर बसतो. प्रथेनुसार झालेल्या लग्नातही विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत एक तृतीयांश हक्क आहे, हे तो कायद्याचं कलम दाखवून सांगतो. खर्च नाही, भाषा आपली. जमीन, वारसा, पोटगी यांसाठी मी डोळे झाकून हीच वाट सुचवेन.

बलात्काराच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे : तिथे तडजोड नकोच. कुटुंबांनी आपसात पैसे देऊन प्रकरण मिटवलं, तर मुलीला काय मिळालं? अशा वेळी सल्लागाराने तिला त्याच दिवशी दवाखान्यात आणि पोलिसांकडे न्यावं.