पेलेट स्टोव्हखाली काय: तयार पत्रा, सुटी टाइल्सची बैठक, की जमिनीतच टाइल?

पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळून घर गरम करणारा स्टोव्ह, पसंत पडतो, आगाऊ रक्कमही देऊन होते, आणि मग घरातलं कोणीतरी विचारतं, "ठेवणार कशावर?" इथून पुढे बहुतेक जण टाइल्सचे रंग बघायला लागतात. मीही तेच केलं होतं. आधी उघडायला हवी होती ती स्टोव्हसोबत येणारी पुस्तिका, आणि तिच्यातलं जमिनीच्या संरक्षणाचं पान.

त्या पानावर दोनपैकी एक गोष्ट सापडते. एक तर नुसता न जळणारा पृष्ठभाग मागितलेला असतो, म्हणजे दार उघडताना किंवा राख काढताना निखारा खाली पडला तर लाकडी जमीन पेटू नये इतपत. नाहीतर उष्णतारोधाचा आकडा दिलेला असतो, म्हणजे आर मूल्य. उत्तर अमेरिकेतल्या यूएल १६१८ या मानकात यांनाच टाइप १ आणि टाइप २ म्हणतात. ओंडके जाळणाऱ्या स्टोव्हची धग खाली उतरते, म्हणून त्यांना पुष्कळदा दुसरा प्रकार लागतो. पेलेट स्टोव्हचा जाळ एका लहानशा भांड्यात असतो, खाली राखेचा डबा असतो आणि पंखा गरम हवा पुढे फेकतो. त्यामुळे बहुतेक पेलेट स्टोव्हना पहिला प्रकार पुरतो. बहुतेकांना, सगळ्यांना नव्हे. शेवटचा शब्द पुस्तिकेचाच.

हे आधी कळलं असतं तर माझा अर्धा खटाटोप वाचला असता. लोक लाकडाच्या स्टोव्हचे सल्ले ऐकून चार-चार थर रचतात आणि त्यावर असा स्टोव्ह ठेवतात, ज्याचं बूड चालू असतानाही फारसं तापत नाही. आणि जमीन मुळातच काँक्रीटची, वर टाइल असेल, तर पहिल्या प्रकारासाठी वेगळं काही करायची गरजच उरत नाही. खालची तुलना लाकडी, लॅमिनेट किंवा गालिचाची जमीन असणाऱ्यांसाठी.

तयार पत्रा किंवा काच

पावडर कोटिंग केलेला पोलादी पत्रा किंवा टफन केलेली काच. आणा, पुसा, ठेवा. जाडी काही मिलिमीटर, त्यामुळे ठेच लागायचा प्रश्न नाही आणि उद्या स्टोव्ह बदलला तर पत्राही बदलता येतो. नुसत्या निखाऱ्यापासून संरक्षण हवं असेल तर हा पर्याय टाइल्सपेक्षा कमी सुरक्षित नाही, हे टाइलप्रेमींना ऐकायला आवडत नाही.

उणी बाजू अशी की आकार दुकानात असेल तोच मिळतो. पत्र्यावर स्टोव्ह सरकवला की पायांचे ओरखडे उठतात, आणि काचेवर राखेचा कण न कण दिसतो. काचेखाली बारीक खडा राहिला तर स्टोव्हच्या पायाचा सगळा भार त्या एका बिंदूवर येतो, म्हणून जमीन आधी नीट झाडून घ्यावी. पुस्तिकेत आर मूल्य मागितलं असेल तर नुसता पत्रा बाद. धातूचा रोध जवळजवळ शून्य असतो.

सुटी टाइल्सची बैठक

हिच्यात मेहनत आहे आणि मजाही आहे. रचना साधी: खाली १८ मिमी प्लायवूड, त्यावर १२ मिमी सिमेंट बोर्ड, त्यावर टाइल. सिमेंट बोर्ड गाळून टाइल थेट प्लायवर चिकटवायचा मोह होतो. तो आवरा. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं-आकसतं, सांध्यांना भेगा जातात, आणि त्या भेगेतून निखारा थेट लाकडाला भिडू शकतो. बोर्ड म्हणजे सांध्याखालचा सलग न जळणारा थर.

मापाचं एक उदाहरण घेऊ. स्टोव्ह ६०० मिमी रुंद, ६५० मिमी खोल. पुस्तिकेने दोन्ही बाजूंना आणि पुढे १५०, मागे भिंतीपर्यंत ७५ मिमी सांगितले आहेत असं धरा. रुंदी झाली ९००, खोली ८७५. आता ३०० मिमीच्या तीन टाइल्स आणि मधले ३ मिमीचे दोन सांधे मिळून ९०६ होतात. म्हणजे बैठक ९०६ बाय ९०६ ची करायची आणि एकही टाइल कापायची नाही. टाइलवरून माप ठरवा, मापावरून टाइल कापत बसू नका. फक्त पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, टाइल स्वतः मोजा. ३०० म्हणून विकलेली टाइल पुष्कळदा दोन-तीन मिमी कमीच भरते, आणि मग एखादा सांधा रुंद करून हिशेब जुळवावा लागतो. कडेला लाकडी पट्टी लावणार असाल तर ती या मापाच्या बाहेर हवी, कारण लाकूड संरक्षणात धरलं जात नाही. धातूची एल पट्टी लावली तर हा हिशेबच करावा लागत नाही.

माझी मोठी चूक उंचीची. प्लाय, बोर्ड, टाइल आणि दोन्ही थरांमधलं अ‍ॅडहेसिव्ह मिळून बैठक साधारण ४५ मिमी उंच होते. मी धुराच्या नळीसाठी भिंतीतलं भोक आधी पाडून घेतलं होतं, स्टोव्ह जमिनीवर ठेवून खूण करून. बैठकीवर स्टोव्ह चढला आणि नळीचं तोंड भोकाच्या साडेचार सेंटिमीटर वर. भोक पाडणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावताना त्याने जो चेहरा केला तो अजून लक्षात आहे. बैठक आधी, भोक नंतर.

बोर्ड प्लायवर नुसते स्क्रू मारून भागत नाही. खाली सिमेंटयुक्त अ‍ॅडहेसिव्हचा थर देऊन, दर २०० मिमीवर गंज न धरणारा स्क्रू. डब्यातली तयार पेस्ट सोयीची वाटते, पण ती उष्णतेने मऊ पडू शकते; पावडर पाण्यात कालवून वापरायचंच अ‍ॅडहेसिव्ह घ्या. ३०० मिमीच्या टाइलला ८ ते १० मिमी दातांची थापी घ्या. पहिली टाइल दाबून बसवली की लगेच उचकटून पाठ बघा. पाठीवर कोरडे पट्टे दिसले तर माल कमी पडतोय किंवा सुकायला लागलाय. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर टिचकी मारा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे, आणि स्टोव्हचा पाय नेमका तिथे आला की ती टाइल गेलीच समजा. सांधे भरायची घाई चोवीस तास तरी नको.

एवढ्या बैठकीचं वजन चाळीस किलोच्या आसपास जातं. ती गॅरेजमध्ये करून दोघांनी उचलून आणताना मधे लवली तर सांधे तडकतात. प्लाय आणि बोर्ड जोडून जागेवर ठेवा, पाणसळ लावा, टाइल तिथेच बसवा. गालिचा असेल तर तेवढा कापून काढा. मऊ पायावर कडक बैठक टिकत नाही.

आर मूल्य हवं असेल तर याच रचनेत बोर्डांचे थर वाढवता येतात, प्रत्येक थराचा रोध बेरजेत येतो. टाइलचा वाटा नगण्य असतो. एक सापळा मात्र आहे: अमेरिकी एककातला आर आकडा मेट्रिकच्या सुमारे ५.७ पट असतो. पुस्तिका एका एककात आणि बोर्डाचं पत्रक दुसऱ्यात असेल तर आधी एकक जुळवा.

जमिनीतच बसवलेली टाइल

दिसायला सगळ्यात देखणी. ठेच नाही, कड नाही, झाडू सरळ फिरतो. पण जमीन कापावी लागते, खालच्या वाशांची ताकद पाहावी लागते, आणि पाच वर्षांनी रुंद स्टोव्ह घ्यावासा वाटला तर जमीन पुन्हा उकरायची. जमीन तशीही बदलायची असेल तरच माझं याला मत, एरवी नाही.

टाइल कोणती

पोर्सिलेन घ्या, खरं तर इथे विचार करण्यासारखं फारसं नाही. ती ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही आणि राखेचा डाग धरत नाही. पाटीचा दगड सुंदर, पण त्याच्या उंचसखल पापुद्र्यावर स्टोव्हचे चार पाय एका पातळीत येता येत नाहीत. संगमरवर डाग पितो. चांगल्या पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्याच्या आत असते, म्हणजे १५ किलोच्या पोत्यातून फार तर शंभरेक ग्रॅम, पण ती पिठासारखी उडते. काळ्या चकचकीत टाइलवर ती संध्याकाळपर्यंत दिसायला लागते. मध्यम राखाडी, चमक नसलेली टाइल आणि तशाच रंगाचा सांधा बरा.

भाड्याचं घर असेल किंवा स्टोव्ह कुठे राहणार हे पक्कं नसेल, तर पत्रा आणा. जागा ठरलेली असेल, मागितलेलं माप दुकानात मिळत नसेल किंवा आर मूल्य लागत असेल, तर सुटी बैठक करा. ठरत नसेल तर पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून दोन दिवस जागेवर पडू द्या. पेलेटचं पोतं खांद्यावर घेऊन स्टोव्हच्या टाकीपर्यंत जाऊन बघा. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठा. माझ्या पुठ्ठ्याचा उजवा कोपरा दुसऱ्याच सकाळी दुमडलेला होता. तो कोपरा पुस्तिकेने मागितलेल्या मापाच्या बाहेर येईल एवढी बैठकीची खोली मी वाढवली आणि मग तो तिरका कापला.